वेबॅक मशीन: स्रोत पडताळणीत कुठे पुरते, कुठे चकवते

छोट्या विश्लेषण प्रकाशनाने स्रोत पडताळणीसाठी एकच साधन नीट शिकायचे ठरवले, तर ते इंटरनेट आर्काइव्हचे वेबॅक मशीन असावे, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती तारखेसह जतन करणारे संकेतस्थळ. ते फुकट आहे, २००१ पासून सर्वांना खुले आहे, आणि एखाद्या संस्थेने निवेदन गुपचूप बदलले तरी आधीचा मजकूर बहुधा तिथे सापडतो. फक्त तारखेच्या बाबतीत फार सावध राहावे लागते.

जतन प्रतीच्या पत्त्यात चौदा आकडे असतात. २०२४०३१५२०४५०० म्हणजे १५ मार्च २०२४, रात्री ८.४५, पण यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार. स्थानिक वेळेत तेव्हा १६ तारीख लागलेली असू शकते. निवेदन आधी की निर्णय आधी, असा प्रश्न असेल तर तेवढ्याने निष्कर्ष उलटतो. शिवाय मागितलेल्या वेळेची प्रत नसेल तर यंत्र जवळपासच्या तारखेची प्रत उघडते. म्हणून आपण टाइप केलेला पत्ता नव्हे, पान उघडल्यावर दिसणारा पत्ता टिपणात घ्यावा.

सर्वात जास्त चुका चित्रांत होतात. पान मार्चचे आणि त्यातला आलेख ऑगस्टचा, असे एकाच पडद्यावर बेमालूम जुळून येते. वरच्या पट्टीतले ‘अबाउट धिस कॅप्चर’ उघडले की कोणता घटक मुख्य पानापेक्षा किती आधीचा वा नंतरचा, ते कळते. आकडा आलेखातून घेतला असेल तर हे पाहिल्याशिवाय संपादकाने मजकूर पुढे सोडू नये.

‘चेंजेस’ ही सोय मात्र मनापासून आवडण्यासारखी आहे: दोन प्रती शेजारी ठेवून वगळलेले पिवळ्यात, नवे निळ्यात दाखवते.

पान त्याच क्षणी जतन करणारे ‘सेव्ह पेज नाऊ’ उद्धरण घेतानाच वापरावे, प्रकाशनाच्या दिवसापर्यंत थांबू नये. जतन झाल्याचा संदेश आला तरी प्रत उघडून वाचावी. कधी तिथे कुकीची परवानगी मागणारी चौकट किंवा त्रुटीचे पानच जतन झालेले असते. जावास्क्रिप्टवर चालणारे डॅशबोर्ड अनेकदा रिकामे येतात, लॉगिनमागचा मजकूर येतच नाही.

प्रत मिळाली म्हणजे पान तेव्हा असे दिसत होते एवढेच सिद्ध होते. त्यातला दावा खरा की खोटा, हे मूळ दस्तऐवजावरूनच तपासावे लागते. आणि एकाच वृत्तसंस्थेची बातमी दहा ठिकाणी जतन असली तरी स्रोत एकच धरावा.

या एकट्या साधनावर विसंबू नये. ऑक्टोबर २०२४ मधल्या सायबर हल्ल्यानंतर ते काही दिवस बंद होते, आणि संकेतस्थळाच्या मालकाच्या विनंतीवरून जुन्या प्रती हटवल्या जाऊ शकतात. महत्त्वाच्या स्रोताची पीडीएफ स्वतःकडे ठेवावी, उतरवल्याबरोबर तिचा एसएचए-२५६ हॅश (फाइलमध्ये जरा जरी बदल झाला तरी बदलणारा, तिच्या ठशासारखा संकेतांक) काढून वेळेसह नोंदवावा, आणि छपाईआधी लेखकाव्यतिरिक्त दुसऱ्या कोणीतरी तो पुन्हा काढून जुळवावा.