बोटीची रबरी पट्टी बदलून घेताना मी कशी फसले

आमची चौदा फुटी फायबरची बोट आहे. तिच्या कडेभोवतीची काळी रबरी पट्टी धक्क्याला घासून घासून दोन ठिकाणी फाटली होती आणि पुढच्या टोकाला तर वीतभर निसटून लोंबत होती. हातातलं दुसरं कुठलंही काम नसतं तर मी स्वतःच बसले असते दुरुस्तीला. तेव्हा जमलं नाही, आणि नेमका त्याच वेळी एक जण बोटींची कामं विचारत धक्क्यावर आला.

बोलायला अतिशय गोड. "ताई, तुम्ही निर्धास्त राहा, दोन दिवसांत नवी करून देतो." खिशातून रबराचा तुकडा काढून हातात दिला. तो तुकडा खरंच उत्तम होता: जाड, लवचिक, दुमडून सोडला की लगेच सरळ होणारा. हे ईपीडीएम, म्हणजे एक प्रकारचं कृत्रिम रबर आहे, उन्हात तडकत नाही, असं तो म्हणाला. ईपीडीएमबद्दल ते खरंही आहे. माल मापाने कापून आणावा लागतो, दुकानदार परत घेत नाही, म्हणून सगळे पैसे आधी मागितले. मी दिले. पावतीवर फक्त "रबर पट्टीचे काम" एवढंच लिहिलं होतं. कोणतं रबर, किती फूट, कोणते स्क्रू, काही नाही. तिथेच मी अडवायला हवं होतं.

तोवर मलाही वाटायचं की कडेची पट्टी म्हणजे धक्क्यापासून रंग वाचवणारी एक वस्तू. पण फायबरच्या बऱ्याच बोटी दोन भागांत ओतलेल्या असतात, खालचं अंग आणि वरचं डेक. ते दोन भाग जिथे एकमेकांवर बसतात तो सांधा नेमका या पट्टीखाली असतो. सांध्यावर अॅल्युमिनियमची किंवा कडक प्लास्टिकची पन्हळ स्क्रूंनी आवळलेली असते, आणि रबर किंवा मऊ व्हिनाइलची पट्टी त्या पन्हळीत दाबून बसवतात. स्क्रूंची डोकी तिच्याखाली झाकली जातात. झाकली जातात, याचाच त्याने फायदा घेतला. एकदा पट्टी बसली की खाली काय केलंय ते कुणालाच दिसत नाही.

मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोहोचले तेव्हा काम संपलं होतं. पट्टी काळीभोर चकाकत होती. जवळ गेल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला. कशाने तरी पुसलं असेल असं समजून मी सोडून दिलं. तो वास सिलिकॉनचा होता. साधं, न्हाणीघरात फटी बुजवायला वापरतात ते सिलिकॉन वाळताना असाच वास सोडतं.

तीन आठवड्यांत पांढऱ्या फायबरवरून गंजाचे तांबूस ओघळ उतरले. पट्टीच्या दोन टोकांमध्ये बोटभर फट पडली. पाऊस झाला की बोटीत तळाशी पाणी साचायला लागलं. मी साबणाच्या पाण्याने बाहेरची बाजू, म्हणजे धक्क्याच्या पलीकडची, पुसायला घेतली तर फडकं काळंकुट्ट झालं आणि काळ्या थराखालून एक ओळखीची खाच वर आली. नांगराच्या साखळीने दोन वर्षांपूर्वी पडलेली तिरकी खाच. मी तिच्यावरून बोट फिरवलं आणि पोटात गोळा आला. धक्क्याकडून दिसणारी एकच बाजू त्याने बदलली होती. दुसऱ्या बाजूला जुन्याच पट्टीवर टायरला लावतात तसलं काळं पॉलिश फासून ठेवलं होतं.

मग नवी पट्टीही उपसून काढली. दाखवलेला तुकडा आणि लावलेला माल यांचा काही संबंध नव्हता. ही हलकी व्हिनाइलची पट्टी होती, दुमडली की घडीवर पांढरी रेघ उमटणारी. स्क्रूंना चुंबक लावलं तर टक्‌कन चिकटलं. चांगल्या स्टेनलेस स्क्रूला चुंबक चिकटतच नाही किंवा अगदी किंचित ओढ लागते. हे साधे लोखंडी, वरून मुलामा दिलेले. बत्तीस भोकांपैकी अकरा भोकांत स्क्रूच नव्हते. जुनी भोकं सैल झाली होती, त्यात स्क्रू पकडत नव्हते, म्हणून ती नुसती सिलिकॉनने बुजवली होती. खरं तर अशी भोकं साफ करून, वाळवून, दाट केलेल्या इपॉक्सीने (दोन भाग मिसळले की कडक होणाऱ्या राळेने) भरायची आणि त्यात नव्याने बारीक भोक पाडायचं. वेळखाऊ काम आहे, पण पक्कं होतं.

सिलिकॉनचा मला सगळ्यांत जास्त राग आहे. पट्टी परत बदलता येते, स्क्रू बदलता येतात, पण सिलिकॉन ज्या फायबरवर लागलं तिथे त्याचा अंश राहतो आणि त्यावर ना रंग धरत, ना दुसरं सीलंट, म्हणजे फटी बुजवायचा चिकट मसाला. तासून, घासून काढावं लागतं. या सांध्याला बोटीसाठीचं पॉलियुरेथेन सीलंट हवं होतं. ते हवेतल्या ओलाव्याने हळूहळू घट्ट होतं, त्याला दिवस लागतात. दीड दिवसात काम उरकणाऱ्याला ते परवडत नाही.

त्याला फोन केला तेव्हा म्हणाला, "ताई, ऊन लागलं की पट्टी आटतेच." यात अर्धं खरं होतं, म्हणून मी क्षणभर गप्प झाले. व्हिनाइल आटतं. पण म्हणूनच ते ताणून बसवायचं नसतं. गरम पाण्यात मऊ करून, न ओढता पन्हळीत दाबत जायचं, टोकाला थोडी जास्त ठेवायची, रात्रभर तशीच सोडायची आणि मगच कापायची. त्याने पट्टी कमी आणली होती आणि ओढून ओढून पुरवली होती. हे बोलून दाखवल्यावर त्याने फोन ठेवला. त्यानंतर उचलला नाही.

तुमचं हे काम कुणाला देणार असाल तर जुनी पट्टी निघाल्यावर आणि नवी बसायच्या आधी, या मधल्या वेळात तिथे हजर राहा. उघडी भोकं स्वतः पाहा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. जुन्या पट्टीचा वीतभर तुकडा आणि दाखवलेला नमुना दोन्ही स्वतःकडे ठेवा. काढलेली सगळी जुनी पट्टी मागून घ्या, फूटपट्टीने मोजा. मी ती मागितली असती तर एका बाजूचीच निघाली असती आणि त्याच संध्याकाळी सगळं कळलं असतं. सीलंटची नळी न उघडलेली बघा. अर्धे पैसे कामानंतरच द्या, आणि तेही दोन्ही बाजूंना ओलं पांढरं फडकं फिरवून झाल्यावर.

बोट आता ताडपत्रीखाली उलटी ठेवली आहे. सांध्यामागच्या लाकडी पट्टीत पाणी मुरलं आहे, चार भोकांजवळ चाकूचं टोक अजून सहज आत जातं. ते पूर्ण वाळेपर्यंत इपॉक्सी भरता येणार नाही. रोज सकाळी ताडपत्री वर करते, भोकं बघते आणि परत झाकते.