नवीन माणसाला बीडीएसएम ग्रुपमधे कसं घ्यायचं: खुला मन्च, ओळखीची एन्ट्री, आधी ओरिएंटेशन की एकच मेंटर?

पुण्यात, मुंबईत किंवा आता नाशिक-नागपूरकडेही चार-सहा किंकी लोक (म्हणजे बीडीएसएमवाले, बांधणं, हुकूम देणं-मानणं, वेदना ह्यात एकमेकांच्या संमतीने सुख शोधणारे) एकमेकांना सापडतात, टेलिग्रामवर ग्रुप होतो, एक-दोनदा कॉफी होते आणि मग ठरलेला वाद सुरू होतो की नवीन लोकांना घ्यायचं कसं. एक जण म्हणतो सरळ खुलं ठेवू, दुसरा म्हणतो वेडा आहेस का, कोणीही येऊन बसेल, तिसरी म्हणते आधी दोन तास बसवून सगळं समजावू मग आत, आणि एक जण असतोच जो म्हणतो "नवीन मुलींना मी गाईड करतो ना". त्याच्याकडे शेवटी येऊ. ह्यातल्या बऱ्याच पद्धती मी जवळून पाहिल्यात, काही चालवायला हातभार लावलाय, म्हणून ज्यांना आपल्या शहरात बीडीएसएम ग्रुप नीट उभा करायचाय त्यांच्यासाठी हे लिहितेय.

माझी कसोटी एकच आहे. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीपर्यंत नवीन माणूस किती जणांना आपल्या आपण ओळखायला लागतो? म्हणजे उद्या काही बिनसलं तर तो किंवा ती फोन कोणाला करेल, आणि ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्यालाच फोन करायची वेळ तर नाही ना येणार? फॉर्म, नियमांची पीडीएफ, रेफरन्स वगैरे सगळं ह्याच्यानंतर.

खुल्या मन्चपासून सुरुवात करू. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मन्च म्हणजे साध्या कपड्यात, सार्वजनिक ठिकाणी, खात-पीत गप्पा, तिथे कोणी कोणाला बांधत-बिंधत नाही. 1992 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टोमधे इंटरनेटवर ओळख झालेली मंडळी एका बर्गरच्या दुकानात भेटायला लागली, तिथून ही पद्धत जगभर गेली. आपल्याकडे शनिवारी दुपारी कॅफेत कोपऱ्यातलं टेबल, बुकिंग कोणाच्या तरी बर्थडेच्या नावाने, असा मामला असतो.

ह्याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे नवीन माणूस एका फटक्यात आठ-दहा जणांना बघतो आणि त्याला कळतं की ही माणसं सिंहगड रोडच्या ट्रॅफिकबद्दल आणि कामवाल्या मावशींच्या सुट्ट्यांबद्दलही बोलतात. बरेच जण वर्षानुवर्षं "मी विकृत आहे का" हा प्रश्न घेऊन फिरत असतात. त्यांना सांगायला माहिती आहेच, की जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत, आयसीडी-11 मधे, संमतीने होणारं सॅडोमॅसोकिझम (वेदना देण्या-घेण्यातलं सुख) आजार म्हणून धरलेलंच नाही, पण खरं सांगायचं तर ह्या माहितीपेक्षा समोर बसून मिसळ खाणारी, दोन पोरांची आई असलेली डॉमिनंट (हुकूम देणारी, थोडक्यात डॉम) बाई जास्त काम करते.

पण खुल्या मन्चमधे आपल्या मराठी सवयी आडव्या येतात. पहिला प्रश्न नाव काय, दुसरा आडनाव काय, तिसरा "मूळचे कुठले?", आणि चौथ्या प्रश्नाला समोरच्याच्या आत्याचे दीर तुमच्या सोसायटीत निघतात! नेहमीच्या लग्नकार्यात ठीक आहे, पण जो घरी लपवून आलाय त्याच्या पोटात गोळा येतो. म्हणून खुलं ठेवायचं तर एवढा नियम करा की आडनाव, कंपनी, कॉलेज, गाव कोणी विचारायचं नाही, समोरच्याने आपणहून सांगितलं तर गोष्ट वेगळी. आणि बिल! हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. सगळे टोपणनावं घेऊन दोन तास छान बोलतात आणि शेवटी "मला जीपे कर" म्हटलं की स्क्रीनवर बँकेतलं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. ट्रूकॉलर आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचंही तेच. त्यामुळे कॅश आणायला आधीच सांगा किंवा प्रत्येकाने काउंटरवर आपापलं द्या, आणि ग्रुप अशा अ‍ॅपवर ठेवा जिथे नंबर लपवून यूजरनेमने बोलता येतं. टेलिग्रामवर ते सेटिंगमधे जाऊन करावं लागतं, नवीन माणसाला जॉइन व्हायच्या आधी कोणीतरी ते दाखवा.

दुसरी गोष्ट दारावरची. पहिल्यांदा येणारा माणूस कॅफेवरून दोन चकरा मारतो, समोरच्या टपरीवर चहा घेतो, "मी बाहेर आहे" असा मेसेज करतो आणि पाच मिनिटांत उत्तर आलं नाही की रिक्षा पकडून घरी जातो, परत कधीच येत नाही. म्हणून एक माणूस फक्त स्वागताला ठेवायचा, त्याने त्या दिवशी फोन हातात ठेवायचा, आपण काय कपडे घातलेत ते आधी कळवायचं, बाहेर जाऊन घेऊन यायचं आणि अशा खुर्चीत बसवायचं जिथून दार दिसतं आणि उठून जाता येतं. आणि नवीन मुलगी आली की चार पुरुष खुर्च्या ओढून भोवती बसतात ना, ते त्याच स्वागतवाल्याने मोडायचं, हसत-खेळत मोडा पण मोडा. खुल्या मन्चचा खरा धोका तोच आहे, बघ्या लोकांचा तेवढा नाही, बघे कंटाळून दुसऱ्या वेळी येत नाहीत.

आता ओळखीची एन्ट्री, म्हणजे आतल्या दोघांनी हमी दिली तरच आत. ऐकायला एकदम सेफ वाटतं आणि लहान गावात, जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथे काही काळ दुसरा पर्यायही नसतो, हे मान्य. पण ह्यात जो माणूस सगळ्यात एकटा आहे, ज्याला कोणीच ओळखत नाही आणि ज्याला ग्रुपची सगळ्यात जास्त गरज आहे, तोच बाहेर राहतो. आणि ज्याच्या भरपूर ओळखी आहेत तो अलगद आत येतो, त्याची वागणूक कशीही असो. "चांगला आहे रे, मी ओळखतो" ह्याचा अर्थ अनेकदा एवढाच असतो की तो माझ्याशी चांगला वागतो.

दुसरं म्हणजे, हमी दिली की तक्रार ऐकणं अवघड होतं. मी आणलेल्या माणसाबद्दल कोणी बोललं तर ते मला माझ्यावर बोलल्यासारखं वाटतं, मग मी "गैरसमज असेल" म्हणते, आणि प्रकरण तिथेच दबतं. बऱ्याच जुन्या ग्रुपात एखादा असा माणूस असतो ज्याच्याबद्दल जुन्या बायकांना सगळं माहीत असतं, त्या एकमेकींना कानात सांगतात, फक्त नवीन आलेलीला कोणी सांगत नाही कारण तिचं अजून कोणाशी तेवढं जमलेलं नसतं. बंद दाराच्या ग्रुपात हे जास्त टिकतं.

तिसरं, ही चाळणी लावतो कोण? अ‍ॅडमिन. "व्हेटिंग कॉल" म्हणून रात्री अकराला व्हिडिओ कॉल, त्यात तुझ्या फँटसी सांग, लिमिट्स सांग... कुंपणच शेत खातं ते असं. कॉल करायचाच असेल तर दोघांनी करा, शक्यतो त्यात एक बाई असू दे, दिवसा करा, आणि फँटसीचा विषय पूर्ण बंद. कुठून कळलं, काय शोधताय, कन्सेंट म्हणजे तुम्हाला काय वाटतं, एवढं पुरे. वय मात्र तपासायचंच, अठरा म्हणजे अठरा, पण त्यासाठी आधारचा फोटो मागवून ठेवू नका, भेटल्यावर ओळखपत्र बघा आणि परत द्या. उद्या अ‍ॅडमिनचं भांडण झालं तर त्या फोनमधल्या फोटोंचं काय होणार ह्याचा विचार करा. आपल्याकडे "घरी सांगीन" एवढी एक धमकी माणसाला गप्प करायला पुरते.

म्हणजे दोन्ही शेजारी ठेवले तर खुल्यात उघडं पडायची भीती जास्त आणि ओळखीच्यात तक्रार दबून जायची. पहिलीवर आडनाव-कॅश-टोपणनाव असे साधे उपाय आहेत. दुसरीवर सोपा उपाय मला तरी दिसलेला नाही, म्हणून माझा कल खुल्याकडे.

ओरिएंटेशन, म्हणजे आधी बसवून समजावणं, हा तिसरा मार्ग, आणि तोही जुनाच. न्यूयॉर्कची युलेनश्पीगल सोसायटी 1971 ची, सॅन फ्रान्सिस्कोची सोसायटी ऑफ जेनस 1974 ची, ह्या बीडीएसएमवाल्यांच्या जुन्या संस्थांनी शिकवण्याला आधीपासून महत्त्व दिलं. भारतात किंकी कलेक्टिव्ह हा गट 2011 पासून कन्सेंटबद्दल जाहीरपणे बोलतंय. चांगलं ओरिएंटेशन दीड तासाच्या वर जाऊ नये आणि त्यात व्याख्यांचा पाऊस नको. "सेफ, सेन, कन्सेन्शुअल" (सुरक्षित, शुद्धीत, संमतीने) हे सूत्र 1983 चं आणि "रॅक" (धोका ओळखून, संमतीने) 1999 चं, हे सांगा पण दोन मिनिटांत. वेळ द्या तो नाही म्हणायच्या सरावाला, कारण आपल्याकडे यजमानांनी तिसरी पोळी वाढली तरी नको म्हणता येत नाही, मग पाठीवर पाय ठेवून उभ्या असलेल्या माणसाला "यलो" (म्हणजे जरा हळू) कसं म्हणणार! जोड्या करून एकाने मागायचं आणि दुसऱ्याने कारण न देता नको म्हणायचं, एवढं करा, लोक हसतात, ओशाळतात, पण तेच लक्षात राहतं.

मग शरीराचं. दोरीचा दाब दंडाच्या बाहेरच्या बाजूला पडला तर नस दबून मनगट लुळं पडू शकतं, म्हणून हाताला मुंग्या आल्या की लगेच सोडायचं आणि कात्री हाताशी हवी. गळा दाबण्याची सेफ अशी पद्धतच नाही, "मला जमतं" म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही. सीननंतर, म्हणजे प्रत्यक्ष खेळ झाल्यावर, एक-दोन दिवसांनी अचानक रडू येणं, रिकामं वाटणं हे होऊ शकतं, तेव्हा फोन कोण करणार ते आधी ठरवायचं. कायद्याचंही थोडं सांगा: 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 25 मधे अठरावर्षांवरच्या माणसाच्या संमतीला किंमत आहे, पण मृत्यू किंवा गंभीर दुखापत करायचा हेतू असेल किंवा ती होईल हे माहीत असेल तिथे हे कलम वाचवत नाही. आणि 2018 च्या 6 सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाचा 377 चा निकाल आला, म्हणजे संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत, म्हणून सगळंच मोकळं झालं असं काही नाही.

ओरिएंटेशनची खोट दोन ठिकाणी आहे. एक तर शिकवणारा माणूस लागतो, नुसतं व्हिडिओ बघून आलेला नाही चालत. दुसरं, काही लोक दीड तास बसून गेले की "मी ट्रेन्ड डॉम आहे" असं प्रोफाइलवर लिहितात. म्हणून सर्टिफिकेट, बॅज वगैरे काही देऊ नका. आणि माझ्या कसोटीवर नुसता क्लास कमीच पडतो, कारण तिथे लोक एका दिशेला तोंड करून बसतात आणि घरी जातात, ओळख कोणाशीच होत नाही.

फक्त ऑनलाइन ग्रुप ह्यावर फार बोलायचं नाहीये. फेटलाइफ ही किंकी लोकांची सोशल साइट 2008 पासून आहे, माहिती शोधायला आणि भेटी कुठे आहेत ते कळायला ठीक, पण बाईच्या नावाचं प्रोफाइल काढा आणि तासाभरात इनबॉक्स बघा, त्याला कोणी स्वागत म्हणणार नाही.

आणि आता तो मेंटर. एकच अनुभवी माणूस नवीन माणसाचा हात धरून सगळं शिकवतो, ही कल्पना लोकांना भारी आवडते, गुरु-शिष्य वगैरे, आपल्या रक्तातच आहे. माझ्या कसोटीवर शून्य मार्क. शिकवणारा, खेळणारा, सल्ला देणारा आणि तक्रार ऐकणारा एकच असेल तर नवीन मुलगी फोन करणार कोणाला? मेंटर हवाच असेल तर अट घाला की तो तिच्याशी खेळणार नाही, किमान सहा महिने तरी, आणि सबला (हुकूम मानणाऱ्याला) जुन्या सबने, डॉमला जुन्या डॉमने सांभाळायचं. ही अट ऐकल्यावर किती मेंटर उरतात ते बघा, मजा येते.

मग करायचं काय? दहाच्या आत लोक असतील आणि शहर लहान असेल तर सुरुवातीला ओळखीनेच घ्या, फक्त पहिली भेट नेहमी दोघांनी आणि चहाच्या दुकानात. त्याच्या वर गेलात की मन्च खुला करा आणि घरातली पार्टी, जिथे प्रत्यक्ष खेळ होतो, ती बंद ठेवा. पार्टीला यायचं तर आधी दोन-तीन मन्च आणि एक ओरिएंटेशन झालेलं हवं, पुरुष असो की बाई, बायकांना फुकट आणि विनाचौकशी एन्ट्री हा प्रकार नको, त्यात बायकांचं भलं कमी आणि आयोजकांचं गर्दी दाखवणं जास्त असतं. तक्रारीसाठी दोन नावं जाहीर करा, ती दोघं एकमेकांचे पार्टनर नकोत आणि एक जण तरी पार्ट्या आयोजित न करणारा हवा. स्वागताची ड्यूटी दर महिन्याला बदला, नाहीतर सहा महिन्यांत सगळे नवीन लोक एकाच माणसाचे होऊन बसतात आणि आपण फिरून परत मेंटरवरच येतो.