दिव्यांग प्रौढांच्या कार्यशाळेतील प्रथमोपचार प्रशिक्षण : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

बौद्धिक दिव्यांग आणि सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे शरीराच्या हालचालींवरील नियंत्रण बिघडणे) असलेल्या प्रौढांच्या कार्यशाळेत मी पर्यवेक्षिका म्हणून काम करते. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडील विशेष शिक्षकांपासून स्वयंपाकाच्या मावशी आणि गाडीच्या चालकांपर्यंत सर्वांनी दोन दिवसांचे प्रथमोपचार प्रशिक्षण घेतले. त्यातील काय टिकले आणि काय अपुरे पडले, हे आता खात्रीने सांगता येते.

सर्वाधिक उपयोग झाला तो फिट येते त्या वेळी. पूर्वी फिट आली की कोणी कांदा हुंगवायला धावे, कोणी दातखीळ उघडण्यासाठी चमचा शोधे, तर कोणी हातपाय दाबून धरी. या साऱ्याचा उपयोग नसतो आणि तोंडात घातलेल्या वस्तूने दात किंवा जबड्याला इजा होऊ शकते, हे प्रशिक्षकांनी प्रात्यक्षिकासह इतके पक्के समजावले की आता आमच्या मावशी सर्वांत आधी घड्याळाकडे पाहतात. डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचे, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवायच्या, झटके थांबले की कुशीवर वळवायचे आणि फिट पाच मिनिटांहून अधिक चालली तर १०८ ला फोन करायचा, हा क्रम सर्वांच्या अंगवळणी पडला आहे. त्यानंतर आम्ही ज्यांना फिट येतात त्या प्रत्येकाचे एक कार्ड तयार केले. त्याची फिट एरवी कशी असते, किती वेळ चालते आणि डॉक्टरांनी मिडाझोलाम या फिट थांबवणाऱ्या औषधाचा नाकात मारायचा स्प्रे लिहून दिला असल्यास तो केव्हा द्यायचा, हे त्यावर लिहिलेले असते.

उणीव जाणवली ती अभ्यासक्रमाच्या मांडणीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे नोंदलेली आहेत. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेतील रुग्ण मात्र नेहमी स्वतःच्या पायांवर उभा राहणारा आणि कुठे दुखते ते नीट सांगणारा. घशात घास अडकला तर मागे उभे राहून पोटावर दाब द्यावा, असे तीत आहे. पण व्हीलचेअरची पाठ मध्ये येते, त्याचे काय? सेरेब्रल पाल्सीमध्ये गिळण्याचा त्रास अनेकांना असतो, म्हणजे हा प्रसंग आमच्याकडे जेवणाच्या वेळी कोणत्याही दिवशी येऊ शकतो. आम्ही आग्रह धरल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्याच खुर्च्या घेऊन सराव झाला आणि माझ्या मते संपूर्ण प्रशिक्षणातील ते दोन तास सर्वांत मोलाचे होते.

त्याचा प्रत्यय दिवाळीनंतर आला. जेवताना एका ताईंच्या घशात पोळीचा घास अडकला, खोकला बंद झाला आणि आवाजही फुटेना. शेजारी बसलेल्या मावशींनी खुर्चीचे ब्रेक लावले, छातीवरचा पट्टा सोडला, एका हाताने छातीला आधार देत ताईंना पुढे वाकवले आणि तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने दोन खांद्यांच्या मध्ये जोरात थाप मारायला सुरुवात केली. चौथ्या थापेला घास बाहेर पडला. त्यानंतरही आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेले, कारण अन्नाचा कण श्वासनलिकेत राहिला असेल तर त्या स्वतः ते सांगू शकल्या नसत्या.

सीपीआरबाबत, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याबाबत, मी इतकी निर्धास्त नाही. मिनिटाला १०० ते १२० या गतीने छाती पाच ते सहा सेंटिमीटर दाबायची, हे पाठ असते. पण काही महिन्यांनी बाहुलीवर पुन्हा सराव घेतला तेव्हा बहुतेकांचा दाब उथळ पडत होता. शिवाय व्हीलचेअरवरील माणसाला आधी जमिनीवर घ्यावे लागते, आणि ते काम चादरीच्या साहाय्याने तिघांनी मिळून कसे करायचे, हे आम्हाला आमच्या फिजिओथेरपिस्टकडून वेगळे शिकावे लागले. डाउन सिंड्रोम असलेल्या काहींच्या मानेचे वरचे मणके सैल असतात, त्यामुळे श्वासमार्ग मोकळा करताना मान शक्यतो न हलवता आधी जबडा पुढे उचलून पाहावा, ही महत्त्वाची गोष्टही अभ्यासक्रमात नव्हती.

अन्य संस्थांना मी हे प्रशिक्षण अवश्य घ्या असेच सांगेन, परंतु शुल्क भरण्यापूर्वी दोन अटी घालाव्यात. सराव तुमच्या जागेत, तुमच्याच खुर्च्यांवर व्हावा आणि सहा महिन्यांनी उजळणीचे एक सत्र त्याच शुल्कात मिळावे. आमची उजळणी आम्ही आता महिन्याच्या पहिल्या शनिवारी स्वतःच घेतो आणि नव्याने रुजू झालेल्या मदतनिसाला ती झाल्याशिवाय जेवणाच्या वेळी एकटे ठेवत नाही.