गेम बॉयसाठी टेट्रिस की सुपर मारिओ लँड?

१९८९ च्या गेम बॉयवर, म्हणजे निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या छोट्या गेम मशीनवर, आधी काय खेळावं? माझं मत टेट्रिसला: वरून पडणारे ठोकळे रचायचे, आडवी ओळ भरली की ती साफ होते. हिरवट पडद्यावर चारच छटा, पण ठोकळ्यांना तेवढ्या पुरतात. लांब दांड्यासारख्या ठोकळ्यासाठी कडेची एक उभी फट राखून ठेवायची. तो आला की चार ओळी एकदम साफ! दोन गेम बॉय केबलने जोडले की दोघांची चांगलीच जुंपते. खटकतं एकच: मशीन बंद केलं की सगळे उच्चांक पुसले जातात.

सुपर मारिओ लँड हा उड्या मारत पुढे जायचा खेळ; त्याचं संगीत झकास आहे. मध्ये पाणबुडी, शेवटी विमान चालवायला मिळतं, तो भाग तर फारच छान. पण पात्रं इवलीशी, उडीचा अंदाज चुकतो आणि टप्पे बाराच. हात बसला की तासाभरात खेळ आटोपतो. स्वस्तात मिळाला तर जरूर घ्या, जास्त पैसे मात्र मोजू नका.