जुन्या ड्रिलला नवा पॅक : नवी पेठेतलं बॅटरीचं दुकान

मी सोलापुरात पडदे बसवायचं काम करतो. स्टुलावर उभं राहून एका हाताने रॉड धरायचा, दुसऱ्याने स्क्रू आवळायचा. तिथे वायरचं ड्रिल म्हणजे डोक्याला ताप. माझं १२ व्होल्टचं कॉर्डलेस जुनं आहे, पण मोटार ठणठणीत. निकेल-कॅडमियम सेलचा बॅटरी पॅक मात्र चार स्क्रूतच मान टाकायला लागला, आणि या मॉडेलचा पॅक आता मिळत नाही. एक दुकानदार म्हणाला, नवीन घ्या. दुसरा लिथियमचे तीन सेल बसवून द्यायला तयार. चार्जरचं काय, तर म्हणे ‘जुनाच चालतो’. निकेलच्या चार्जरवर लिथियम म्हणजे आगीशी खेळ! मी पॅक उचलला आणि निघालो.

नवी पेठेतलं हे दुकान म्हणजे जेमतेम एक टेबल. कारागिराने पॅक खोलून दहाही सेलना एकेक करून मीटर लावला. सेल १.२ व्होल्टचा, म्हणून दहा. दोन सेल शून्य दाखवत होते. म्हटलं, तेवढेच बदला की.

“नको अण्णा. जुना कमजोर सेल आधी रिकामा होतो, मग बाकीचे त्याला उलटा करंट मारतात.”

पटलं. दहाही बदलले, निकेल मेटल हायड्राइडचे, २००० एमएएच (मिलीअँपिअर-तास) क्षमतेचे. सोल्डरिंगच्या उष्णतेने सेल खराब होतो, म्हणून निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने टिच टिच करत जोडली. जुन्या सेलला चिकटलेला छोटा थर्मल स्विच (सेल जास्त तापला की करंट तोडणारा) जपून काढला आणि नव्या सेलला टेकवून पिवळ्या टेपने बसवला. घाईतला माणूस हा कचऱ्यात टाकतो. मग चार्जरवरचा आकडा वाचला, ४०० मिलीअँपिअर. २००० भागिले ४०० म्हणजे पाच तास, चार्जिंगमध्ये थोडं वाया जातं म्हणून वर दोन तास धरून सात. “रात्रभर लावून ठेवू नका, हा आपोआप बंद होत नाही.”

दीड हजाराच्या आत काम झालं. आता एका चार्जिंगवर अख्खा फ्लॅट उरकतो. स्वस्तातल्या ड्रिलवर मात्र एवढा खर्च करू नये.

खोलताना केसिंगची एक क्लिप तुटली, तिथे काळी टेप गुंडाळून दिली. पक्की पावती नाही. आणि ‘संध्याकाळी या’ म्हणाले तर कोणत्या दिवशीच्या, तेही विचारून घ्या. जुने सेल त्यांनी स्वतःच ठेवून घेतले. कॅडमियम विषारी, घंटागाडीत टाकायचे नसतात.

जाताना चार्जर बरोबर न्या. तो बघितल्याशिवाय ते पॅकला हात लावत नाहीत.