पिकअपला मागे पाटे की कॉइल?

सांगलीच्या मार्केट यार्डातून हळदीची पोती भरून रोज घाट चढायचा असेल, तर मागे पाटेच हवेत, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. पाटा वजन पेलतो आणि एक्सलही (मागची दोन चाकं जोडणारा दांडा) जागेवर धरतो. शिवाय भार चेसिसवर पुढे-मागे दोन ठिकाणी वाटला जातो. कॉइल, म्हणजे वेटोळ्याची स्प्रिंग, फक्त वजन घेते. एक्सल धरायला वेगळे आर्म (जोडदांडे), पॅनहार्ड रॉड (एक्सल आडवा सरकू न देणारा दांडा) आणि त्यांचे बुश (सांध्यातले रबर) लागतात. बुश झिजले की गाडी मागून डोलते.

कॉइलची चाल मात्र मऊ. तासगावची द्राक्षं कमी वजनात न्यायची तर ती उजवी. पाट्याची गाडी रिकामी उडते, हे खरंच. पण जादा माल भरला की कॉइल बसते, मागची बाजू दबते, हेडलाइट आभाळाकडे.

पाट्यात लक्ष यू-बोल्टवर, म्हणजे पाटे एक्सलला आवळणाऱ्या U आकाराच्या बोल्टवर ठेवा. ते ढिले पडले की पाटे सरकतात, सगळे पाटे मधोमध जोडणारा सेंटर बोल्ट तुटतो, एक्सल मागे-पुढे होतो आणि गाडी तिरकी चालते. नवे पाटे बसवल्यावर काही दिवसांनी यू-बोल्ट पुन्हा आवळायचे, तेही टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना). मेन पाट्याला तडा दिसला तर वेल्डिंग नको, पाटाच बदला. जादा पाटा टाकून पासिंगची (आरटीओत मंजूर झालेली) वजनक्षमता वाढत नाही; ब्रेक तेच राहतात.