सोनचाफ्याची कलमं म्हणून मला ६,१०० रुपयांना बुडवलं

पहिला पाऊस पडला की गल्लोगल्ली रोपांच्या हातगाड्या फिरायला लागतात. त्यातल्याच एकाने जूनमध्ये मला सोनचाफ्याची कलमं म्हणून ६,१०० रुपयांना बुडवलं. खताचा भाव मापावर सांगायचा आणि मग इवल्याशा मापाने भराभर ओतून बिल फुगवायचं, ही यांची चलाखी तुम्हाला ठाऊक असेल. ऐकून मलाही ठाऊक होती, तरी फसले. तोच माणूस आता भांडुपला फिरतोय असं परवा कळलं, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितेय.

आम्ही मुलुंड पूर्वेला तळमजल्यावर राहतो. सासूबाई ८४ वर्षांच्या, माहेर वेंगुर्ल्याचं. श्रावणात मी दादरच्या फूलबाजारातून त्यांना वसईचा सोनचाफा आणून देते, पण दुसऱ्या दिवशी पाकळ्या तपकिरी पडतात. दारात चाफा असावा, एवढीच त्यांची इच्छा. बियांपासून केलेलं झाड फुलायला ७-८ वर्षं सहज लागतात. कलम वर्षा-दोन वर्षांत फुलतं, मोठ्या कुंडीतही. म्हणून कलमच हवं होतं. हे सगळं मला माहीत होतं. मी काही अडाणी बाई नाही, ३१ वर्षं हिशेबाच्या टेबलावर काढली आहेत.

त्याने गाडी दारात लावली आणि आईंशी थेट मालवणीत बोलायला लागला. "आजी, आपल्या वेंगुर्ल्याचीच कलमां आसत." तिथेच आम्ही दोघी विरघळलो. एका रोपाच्या अगदी शेंड्याला टपोरं पिवळं फूल होतं, वास घमघमत होता. आईंनी चष्मा वर केला, फांदी हातात घेतली आणि मला म्हणाल्या, "अगो, चाफ्याचां फूल असां टोकाक येणा नाय. पानाच्या बेचक्यात येता."

त्याने लगेच फांदी त्यांच्या हातातून सोडवली. "हात नका लावू आजी, कळ्या गळतील." आणि मी काय बोलले? "आई, कलमाची जात वेगळी असते, तुम्हाला नाही कळायचं." जिचं बालपण चाफ्याखाली गेलं, तिला मी हे ऐकवलं. पैशांपेक्षा हे जास्त सलतंय. त्या क्षणी मी नुसती वाकून बघितली असती, तरी देठाला गुंडाळलेला हिरवा दोरा दिसला असता. तिसऱ्या दिवशी फूल दोऱ्यासकट कुंडीत पडलं, तेव्हा दिसला.

हिशेब असा. दोन कलमं, ६५० प्रमाणे १,३००. खत "४० रुपये माप". मला वाटलं, माप म्हणजे घमेलं. त्याचं माप निघालं चहाच्या कपाएवढं. बोलता बोलता त्याने सगळ्या जुन्या कुंड्यांतही ओतलं आणि ५८ मापं सांगितली, म्हणजे २,३२०. मुळांचं औषध ६ झाकणं, १८० प्रमाणे १,०८०. मजुरी ३००. एकूण ५,०००. मी घासाघीस करून ४,५०० दिले. वर "उद्या वसईहून दोन मोठी कलमं आणतो" म्हणून १,६०० आगाऊ घेतले. तो उद्या उजाडलाच नाही. माझ्या शब्दावर वरच्या मजल्यावरच्या काकूंनीही १,३०० दिले. त्या काही बोलत नाहीत, पण जिन्यात समोर आल्या की माझीच मान खाली जाते.

गाडीवाल्याकडून घ्यायचंच असेल तर रोप पिशवीतून काढायला लावा. आमचं एक रोप पंधरा दिवसांत काळं पडलं. उपटलं तर मूळच नाही, नुसती फांदी मातीच्या गोळ्यात खोचलेली! दुसऱ्याला खोडावर प्लॅस्टिकची पट्टी बांधलेली होती, कलमाला बांधतात तशी. ती सोडली तर आत साल एकसारखी गुळगुळीत, सांधा नाहीच. खऱ्या कलमाचा सांधा हाताला लागतो, त्याच्या वरखाली सालीत फरक असतो. आणि ते खत? दोन पावसांत कुंड्यांखालून काळं पाणी वाहिलं, फरशीवर डाग पडले, वर उरला पांढरट भुसा.

मग चौकीत गेले. पहिल्या दिवशी, "साहेब बंदोबस्ताला गेलेत." दुसऱ्या दिवशी दीड तास बाकावर बसवलं आणि विचारलं, "मॅडम, झाडासाठी तक्रार?" झाडासाठी नाही हो, फसवणुकीसाठी! पैसे मोबाइलवरून दिले म्हटल्यावर, "मग हे सायबरचं." सायबरवाले म्हणतात, "तुम्ही स्वतःहून पाठवलेत, माणूस समोर होता, चौकीतच जा." बँकेत गेले. तिथल्या मुलीने स्क्रीनवरून नजरही न उचलता सांगितलं, "व्यवहार यशस्वी आहे." यशस्वी! त्याने सांगितलेलं नाव वेगळं आणि खात्यावरचं वेगळं, हेही ऐकून घ्यायला कुणाला वेळ नाही. परत चौकी. शेवटी एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रारीची नोंद, लिहून दिली, त्यात "रोपे खरेदीवरून वाद" असं लिहिलंय. वाद कसला? फसवणुकीला भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे, तेही मीच सांगितलं. समोरचा नुसता हसला. सोसायटीच्या कॅमेऱ्याचं चित्रण मागायला कुणी आलंच नाही, आणि १५ दिवसांनी ते पुसलं गेलं.

म्हणून चित्रण त्याच दिवशी स्वतः उतरवून घ्या. पैसे पाठवायच्या आधी स्क्रीनवरचं नाव मोठ्याने वाचा. जुळलं नाही तर थांबा. खताची गोणी उघडायच्या आधी एकूण किती रुपये ते वदवून घ्या. बिल नाही तर खरेदी नाही. ऑनलाइन फसलात तर १९३० वर ताबडतोब फोन करा, मी चार दिवस घालवले. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही, पण त्याला विक्रेत्याचा पत्ता लागतो, आणि हातगाडीला कुठला पत्ता?

दुसरं रोप जगलंय, चार नवी पानं आलीत. आई रोज सकाळी काठी टेकत जाऊन त्याला पाणी घालतात. ते फुलायला किती वर्षं लागतील, हे त्यांनाही माहीत आहे.

भांडुप, मुलुंड, ठाणे, कुठेही मालवणी बोलणारा, शेंड्याला पिवळं फूल लावलेली रोपं विकणारा गाडीवाला दिसला, तर गाडीचा आणि त्याचा फोटो काढून मला पाठवा. एनसीचा कागद माझ्याकडे आहे, मी परत चौकीत जाणार आहे.